दिव्यावरच्या मुलीची धून

ड्राइव्हने डीव्हीडी तिसऱ्यांदा बाहेर टाकली, तेव्हा काशिफाने ती खिडकीशी नेऊन पाहिली. मधल्या भोकापासून निघालेली चीर सकाळी नखाएवढी होती. आता ती बोटाच्या पेराएवढी झाली होती. आणखी एकदा जोरात फिरली तर डीव्हीडी आतच फुटेल, हे तिला कळत होतं. दुपारचा एक वाजला होता आणि चारच्या एसटीने तिला धाकट्या भावाला, उझैरला, घेऊन मुंबईला निघायचं होतं.

श्रीवर्धनच्या सेवा केंद्रात काशिफा नऊ वर्षं दाखले नि उतारे काढून देत होती. उझैर सुपारीच्या वखारीत मालाची निवड करायचा. त्याचा उजवा कान जन्मापासून बंद होता आणि डावा दरवर्षी थोडा थोडा विझत चालला होता. उद्या त्या डाव्या कानात शस्त्रक्रिया करून यंत्र बसवायचं होतं. माणसांचं बोलणं चांगलं कळेल, पण उरलेलं स्वतःचं ऐकणं बहुतेक जाईल, गाणं पूर्वीसारखं वाटणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उझैरने मान डोलावली होती. घरी आल्यावर मात्र तो बहिणीला म्हणाला होता, "आपा, ती दिव्यावरच्या मुलीची धून एकदा मिळते का बघ. बोलणं नको मधी. बोलणं आलं की मला सगळा चिखल ऐकू येतो."

लहानपणी दोघं टीव्हीवर एक जपानी कार्टून पाहायची. समुद्रातल्या दीपगृहावर एकटी राहणारी मुलगी त्यात होती. ती दिवा मालवायची तेव्हा वाजणारी धून कधी बाजारात आलीच नव्हती. इंटरनेटवर जे सापडायचं, त्यात धुनेवर त्या मुलीचं बोलणं असायचंच. दोन महिने शोधल्यावर अशा धुनांच्या मागे लागलेल्या मेक्सिकोतल्या एका बाईने काशिफाला कळवलं, की आखातात विकलेल्या डीव्हीडींमध्ये आवाजाचे सहा वेगळे पट्टे आहेत. बोलणं फक्त मधल्या स्पीकरच्या पट्ट्यात आहे. तो काढला की धून मोकळी होते.

वलीमामू वीस वर्षं मस्कतला होते. त्या कार्टूनच्या डीव्हीडींचा संच त्यांनीच भाच्यांसाठी आणला होता आणि पुढे तो त्यांच्याकडेच राहिला होता. काल काशिफा दिवेआगरला गेली, तर मामूंनी तिला वाडीत नेलं. वादळात छप्पर उडून पेटी भिजली, तेव्हापासून डीव्हीडी दोऱ्याला बांधून माकडं हाकायला लावल्या होत्या. मामू ओशाळून म्हणाले, "मला काय म्हाईत गो, कुणाला लागतील म्हणून." तिला हवी असलेली पाचवी डीव्हीडी एका पोफळीला लटकत होती. दोऱ्याच्या काचाने तिला चीर गेली होती.

डीव्हीडी लागेल असं जुनं मशीन केंद्रात एकच होतं. बाहेर रांग वाढत होती. केंद्र चालवणाऱ्या रचनाताई आत आल्या, डीव्हीडीकडे आणि काशिफाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तू तुझं कर. बाहेर मी बसते."

काशिफाने चिरेवर वरच्या बाजूने चिकटपट्टीचा अगदी बारीक तुकडा लावला. ड्राइव्हचा वेग जमेल तितका कमी केला आणि फक्त तेवढाच प्रसंग उतरवायला घेतला. आकडा सरकू लागला. चाळीस टक्क्यांवर आतून खरखर आली. साठवर आकडा थांबला. तिने श्वास रोखून माऊसवरचा हात काढून घेतला, जणू तिच्या हलण्यानेही काही फुटलं असतं. बऱ्याच वेळाने एकसष्ट झाले. शंभर झाल्यावर ती उठणार, एवढ्यात आत काडकन आवाज झाला. ट्रे उघडला तर डीव्हीडीचे दोन तुकडे पडले होते.

फाइल मात्र उतरली होती. तिने सहा पट्टे उघडले, मधला काढून टाकला आणि बाकीचे एकत्र लावले. दीड मिनिटाची धून निघाली. खाली संथ ढोल, वर बासरी. शेवटी ढोल थांबत होता आणि बासरी एकटीच वर वर जात होती. त्या मुलीचा आवाज कुठेच नव्हता. काशिफाने दोनदा ऐकली नि डोळे पुसले.

सव्वातीनला उझैर बॅग घेऊन आला. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्या कानांवर हेडफोन लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. ढोल सुरू होताच त्याची बोटं टेबलावर हलू लागली. तो हसला. मग बोटं थांबली. क्षणभर वाट पाहून त्याने हेडफोन काढला आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाला, "छान निघाली गं. पण मला आठवत होती त्यापेक्षा लहानच हाय."

काशिफाची नजर पडद्यावर होती, म्हणून त्यानेही तिकडे पाहिलं. बासरीची नागमोडी रेघ अजून पुढे सरकत होती.

उझैरने हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो त्या रेघेकडे पाहत ताठ बसून राहिला. रेघ टोकाला पोचली, सपाट झाली, तेव्हाच त्याने तो काढला.

"आता संपली," तो हळू म्हणाला.