झाकण उघडायचं कुणी

दाबाचा काटा शून्यावर आला होता आणि तरीही चिमणाबाई झाकणाला हात लावू देत नव्हती.

दिंडोरीच्या बाहेर द्राक्षबागांच्या मधोमध ती टिश्यू कल्चरची लॅब होती. केळीची रोपं तिथे बाटल्यांत वाढवायचे. रोपांचं खाद्य म्हणजे खळीसारखा घट्ट होणारा मीडिया. तो आधी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करायचा. ऑटोक्लेव्ह म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा पोलादी कुकरच, झाकण आठ नटांनी आवळलेलं. वेदिकाला इथे नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. पहिल्याच दिवशी मालक शेखर सरांनी तिच्याकडून एका कागदावर सही घेतली होती, ‘यंत्राच्या सुरक्षित वापराची जबाबदारी वापरणाऱ्याची राहील.’

“वापरणारा म्हणजे कोण, सर?”

“तुम्हीच की. एम.एस्सी. कोण आहे इथं?”

पण यंत्र तर अकरा वर्षं चिमणाबाई चालवत होती. पेठकडच्या पाड्यावरून आलेली, साठीला टेकलेली बाई. तिच्याकडे कुणी कधी सही मागितली नव्हती.

“ताई, रोज पाऊण तास लागतो काटा खाली यायला,” चिमणाबाई म्हणाली. “आज दहा मिन्टांत आला. मंग वाफ गेली कुठं?”

वेदिकाने वाफ सोडायची चावी फिरवली. फुस्स नाही की काही नाही. म्हणजे आत दाब नाही. काटाही तेच सांगत होता. पण जवळ हात नेला तर यंत्र भट्टीसारखं तापलेलं.

“दोन्ही गोष्टी एकच सांगतायत, चिमणाबाई. रिकामं असेल.”

“शेवटाला जरा तरी श्वास टाकतंच ते. आज मुक्यागत बसलंय. मला नाय आवडलं.”

नाय आवडलं, हे काय कारण झालं? वेदिकाला पुस्तकातली पानं आठवेनात. आठवली तीही एकमेकांत मिसळून गेली. मीडिया उकळून चावीच्या भोकात जाऊन बसला असेल तर? मग काट्याच्या नळीतही गेला असेल? की चिमणाबाईंनी आज पाणीच कमी घातलंय आणि काही झालेलंच नाही? तिने पाना उचलला, पहिल्या नटाला लावला आणि तसाच काढून घेतला.

बटण बंद करून ती चिमणाबाईला घेऊन खोलीबाहेर आली आणि तिने दाराला आडवी खुर्ची लावली.

शेखर सर आले ते फोन कानाला लावूनच. “आत आठ मुली मीडियासाठी हात बांधून बसल्यात. काटा शून्यावर आहे ना? मग उघडा.”

“सर, मला खात्री नाही.”

“कसली खात्री नाही?”

“तेच कळत नाही, सर. दाब आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही.”

“मग मी उघडतो.”

“सर, सही माझी आहे,” ती म्हणाली. आपण जबाबदारी घेतोय की सरांच्या तोंडी लागतोय, हेही तिला उमजेना. चिमणाबाई मात्र त्या खुर्चीवर जाऊन बसली. सर चरफडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र गार पडलं होतं. नट सैल केले तरी झाकण जागचं हलेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. सिन्नरहून धनराज मिस्त्री आला. त्याने काट्याची जोडणी सैल केली, तेव्हा आत हवा शिरल्याचा सूं आवाज झाला, कोंडलेल्या वाफेचं पाणी होऊन झालेली पोकळी भरली आणि झाकण सुटलं. आत चार बाटल्या फुटल्या होत्या. चावीच्या भोकात मीडियाची बुचासारखी गुठळी अडकली होती.

“म्हणजे काल दाब होता?” वेदिकाने विचारलं.

धनराजने काटा पंपाला लावून पाहिला. काटा बरोबर चढला, बरोबर उतरला. “काटा चांगला हाय. नळीबी मोकळी हाय. पण मी ती खोलताना काही गळून पडलं असंल तर सांगता यायचं नाय. काल मी नव्हतो ना इथं.”

“बघा,” सर म्हणाले, “काटा बरोबरच होता.”

“पण चावी बुजलेली होती, सर.”

“हो, तेही आहेच,” सर म्हणाले. त्यांनी धनराजला चावी आणि काटा दोन्ही नवीन बसवायला सांगितले.

दोन्ही बसवून झाल्यावर दुपारी नव्या मीडियाची खेप लागली. वाफ सुटली, काटा पन्नास मिनिटांत उतरला, चावीने शेवटचा सुस्कारा टाकला.

“आता उघडा, ताई,” चिमणाबाई म्हणाली. “आज समदं ठीक हाय.”

वेदिका पाना हातात घेऊन उभी होती. सगळं जुळत होतं, तरी तिचा हात पुढे होईना.

“अजून दहा मिनिटं थांबू या,” ती म्हणाली.

“कशासाठी?”

“मलाही माहीत नाही.”

चिमणाबाईने खुर्ची ओढून तिच्यासाठी ठेवली आणि आपण भिंतीला टेकून उभी राहिली.