दोन पट्ट्या, एक सिलिंडर

सासूबाईंच्या मते धाकटीच्या हाताला गुण आहे. तिच्या हातचा चहासुद्धा वेगळा लागतो म्हणे! दिराशी लग्न करून ती आमच्या घरात आली, ते एक वेळ ठीक. पण माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच कामावर?

आम्ही दोघी सिरॅमिकमध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून पट्ट्या बनवतो. तापल्या भट्टीत पट्टीवर भार ठेवायचा. जिची पट्टी कमी वाकेल, तिची कृती पुढे इंजिनाच्या कामाला जाणार. नळ्यांच्या गुठळ्या राहिल्या की पट्टी दगा देते. धाकटी त्या गुठळ्या मोडत दिवसचे दिवस बसली होती. मला तेवढा धीर नाही. तिची ती चिकाटी बघूनच माझ्या पोटात दुखायचं.

चाचणीच्या दिवशी भट्ट्या तापल्या आणि धाकटीला साहेबांनी बोलावलं. माझं लक्ष माझ्या भट्टीपेक्षा तिच्याच भट्टीवर, म्हणून मलाच दिसलं: तिच्या आरगॉनच्या सिलिंडरचा काटा शून्याकडे निघाला होता. तो वायू संपला की आत हवा शिरते, नळ्या जळून जातात आणि काळी पट्टी खडूसारखी पांढरी पडते. भरलेला सिलिंडर एकच होता, माझ्या भट्टीला लावलेला.

मी हाताची घडी घालून उभी राहिले. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. मग डोक्यात आलं, ही घरी जाऊन म्हणणार, ‘गॅस संपला हो, नाहीतर...’ आणि सासूबाई मान डोलावणार. ते मी जन्मभर ऐकून घेऊ? मनातल्या मनात शिव्या घालत मी पाना उचलला आणि माझ्याच सिलिंडरवरून तिच्या भट्टीला जोडणी दिली. आता हरली की सबब सांगायला जागा नाही!

भट्ट्या निवल्या. तिची पट्टी काळी कुळकुळीत, सरळ. माझीही काळीच, पण मधोमध चांगली वाकलेली.

“ताई, तुम्ही नसतात तर माझी पट्टी गेलीच होती,” धाकटी माझा हात धरून म्हणाली. डोळ्यांत पाणी. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

घरी तिने स्वतःच्या पट्टीचं नावही काढलं नाही. माझंच कौतुक सांगत सुटली. सासूबाईंनी मला जवळ बसवलं.

“मन मोठं आहे गं तुझं. मला कधी कळलंच नाही.”

इतकी वर्षं त्यांच्या तोंडून असं काहीतरी ऐकायला माझे कान आसुसले होते. मिळालं, तेही धाकटीच्या हातून.