सखूबाई चढताना

पायरी बाहेर यायला चार सेकंद लागत आणि आत जायला तीन. नसरीनने हे घड्याळावर पाच वेळा मोजलं, पाचही वेळा उत्तर तेच आलं. एका सेकंदाचा फरक कशामुळे, याचं तिला कुतूहल होतं. पण आजचा प्रश्न वेगळा होता. दार उघडं असताना पायरीने आत जायचं नाही, आणि ती जात होती. रोज नाही, सगळ्यांसाठी नाही. कधीतरी.

गाडी डोळे तपासणीची होती. परदेशात कुणीतरी ती राहण्याफिरण्यासाठी बांधून घेतली होती; मग जुनी झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेला देणगी म्हणून दिली. संस्थेने आतला पलंग आणि शेगडी काढून तपासणीची यंत्रं बसवली. पायरी मात्र मूळचीच राहिली. दार उघडलं की मोटरीवर बाहेर येणारी आणि दार लावलं की आपण होऊन आत जाणारी. दारात एक चुंबक होतं, दार अर्धं ओढलं तरी त्यावरून तिला दार लागल्याचं कळे. पायरीच्या जाळीखाली एक पट्टी होती, तिच्यावर वजन आलं की कुणीतरी उभं आहे हे कळे, आणि मग दार लागलं तरी ती जागची हलत नसे, नुसती ओरडे. निदान ठरलं तसं होतं.

नसरीन भोरच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होती. दर पंधरवड्याला गाडीतली यंत्रं नीट चालतात का हे पाहण्याचं काम तिने पत्करलं होतं. पायरी यंत्रात मोडते की नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. ड्रायव्हर हनुमंताच्या मते मोडत होती, कारण ती विजेवर चालते आणि त्याचं ऐकत नाही.

"मॅडम, पुण्याच्या मेकॅनिकनं तीनदा बघितलीया," तो म्हणाला. गाडी मार्गासनीच्या शाळेजवळ चिंचेखाली उभी होती. "तिन्ही टायमाला कागदावर लिहून दिलं, फॉल्ट न्हाई."

"पायरीवर कोण चढून बघत होतं?"

"तोच की. नव्वद किलोचा गडी हाय."

नसरीनने वही उघडली. पायरी आत गेल्याची प्रत्येक वेळ तिने लिहून ठेवली होती: तारीख, गाव, वेळ, कोण चढत होतं. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाच नोंदी. गाव पाचही वेळा मार्गासनी. नाव पाचही वेळा एकच.

हनुमंताने खांद्यावरून वाकून वाचलं. "मंजे फॉल्ट सापडला," तो म्हणाला. "सखूबाई काढून टाका, पायरी झ्याक चालंल."

"ऐकतीया म्या," चिंचेखालून आवाज आला.

सखूबाई पारावर बसल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, अंगाने काडी. शेजारी सून चंद्राबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पुरता पिकलेला. डॉक्टरांनी ऑक्टोबरातच खाली उतरून बॅटरीने बघून सांगितलं होतं की ऑपरेशन करून घ्या. तयार असलेल्यांना गाडी त्याच संध्याकाळी पुण्याला इस्पितळात नेई आणि चौथ्या दिवशी परत सोडी. नोव्हेंबरात सखूबाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि पायरी खालून निघून गेली. हनुमंताने वरच्यावर झेललं म्हणून निभावलं. तेव्हापासून त्या दर खेपेला येत, पाय ठेवून बघत, पायरी सरकू लागली की पाय मागे घेत आणि म्हणत, "बघा, गाडीच न्हाई म्हणती. म्या काय करू?" आणि घरी जात.

आजची खेप शेवटची होती. जूनपासून वर्षभर गाडी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती. सकाळी डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारून पाहिलं होतं आणि या वेळी ते हसले नव्हते. आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग ऑपरेशन करूनही उजेड यायचा नाही, असं ते म्हणाले होते. सखूबाईंनी मान हलवली होती. "पायरी व्हय म्हणली की येते की. म्या कुठं न्हाई म्हणतीया?"

नसरीनने हनुमंताला पायरीवर उभं केलं आणि दार अर्धं ओढलं. पायरी ओरडली, पण हलली नाही. मग ती स्वतः चढली आणि त्याला दार ओढायला सांगितलं. तेच. "आमचं दोघांचं वजन तिला समजतं," ती म्हणाली. "आजी, तुमचं वजन किती?"

"मला कोन तोलतंय, पोरी?"

"रेशनच्या काट्यावर बसल्या हुत्या की आत्याबाई," चंद्राबाई म्हणाली. "गेल्या साली. पस्तीस भरल्या."

"पिशवीसकट," सखूबाई म्हणाल्या.

चंद्राबाईच्या घरून तांदळाचं पोतं आलं. त्याच रेशनच्या काट्यावर पस्तीस किलो तोलून त्याचं तोंड बांधलं. एवढ्यात तपासणीसाठी थांबलेली सगळी माणसं भोवती जमली होती. हनुमंताने पोतं पायरीवर उभं केलं, नसरीनने हळूच दार ओढलं. पायरी तीन सेकंदांत आत गेली आणि पोतं धुळीत आडवं झालं.

"आता पोत्याचा बी मोतीबिंदू काढनार व्हय?" सखूबाईंनी विचारलं.

माणसं हसली. नसरीन गुडघ्यावर बसून पायरीवर अंथरलेलं गोणपाट उचलत होती. गोणपाटाखाली, जाळीच्या वर, चांगली बोटभर जाड लाकडी फळी होती, दोन्ही कडांवर घट्ट बसवलेली. फळी कडांवर टेकली होती. पट्टीपर्यंत वजन पोचायला ती आधी वाकायला हवी. हनुमंताखाली वाकत होती. तिच्या स्वतःखालीही, जेमतेम. पस्तीस किलोखाली नाही.

"हे कुणी बसवलं?"

हनुमंत इकडेतिकडे बघू लागला. "त्याचं काय झालं मॅडम, ही जाळी उन्हात तापते. आन् ही समदी मानसं चपला खाली काढून चढत्यात. देवळात जातात तशी. किती सांगितलं, चपला घालून या, कोन ऐकत न्हाई. एका बाईचा तळवा भाजला. मग म्या दसऱ्यानंतर फळी टाकली, वर गोणपाट."

"मग मेकॅनिकला ती दिसली नाही?"

"पुण्याला नेताना काढून ठेवत हुतो."

"का?"

"तिथली मानसं हसली असती की."

नसरीनला रागवायचं होतं, पण ज्याने बायांचे तळवे भाजू नयेत म्हणून हे केलं, त्याच्यावर कसं रागवायचं हे तिला ठरवता येईना. तिने वहीत 'फळी' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"सात महिने तीन शहाणी मानसं डोकं लावत्यात," सखूबाई म्हणाल्या, "आन् फॉल्ट निघाला हनमंताचा."

"मावशे, तुझ्याच पायासाठी टाकली हुती."

"माज्या पायाला काय व्हतंय? निखाऱ्यावर भाकरी उलटनारी बाई म्या."

फळी निघाली. नुसतं गोणपाट ठेवून पुन्हा पोतं उभं केलं, पुन्हा दार ओढलं. पायरी ओरडली आणि जागेवर राहिली. हनुमंताने पोत्याला हात जोडले.

नसरीनचं मात्र समाधान झालं नव्हतं. फळीमुळे पायरीला वजन कळलं नाही, हे ठीक. पण वजन कळलं नाही म्हणून पायरी आपण होऊन आत जात नाही. तिला दार लागल्याचं कळावं लागतं. पोत्याच्या वेळी दार तिने ओढलं होतं. सखूबाईंच्या वेळी कुणी ओढलं? तिने हनुमंताकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला, "म्या न्हाई. म्या मागं उभा असतो, झेलायला."

"आजी, एकदा चढून दाखवता? पायरी आता जाणार नाही. वाटल्यास अर्धंच चढा."

सखूबाई उठल्या. चपला काढून त्यांनी एकीला एक लावून ठेवल्या. उजव्या हाताने पायरी चाचपून तिला स्पर्श केला, तोच हात कपाळाला लावला, आणि पाय ठेवला. मग उजवा हात वर नेला. दाराशेजारी चढणाऱ्यांसाठी उभी दांडी होती, गाडीसारखीच पांढरी. हात दांडीपासून बोटभर अंतरावरून पुढे गेला आणि दाराच्या काळ्या रबरी कडेवर बसला. सखूबाईंनी जोर लावला. दार त्यांच्याकडे आलं. पायरी ओरडली.

"बघा," सखूबाई म्हणाल्या, "पुन्यांदा न्हाई म्हणाली."

"आजी," नसरीन म्हणाली, "दांडी का नाही धरली?"

"कुठली दांडी?"

नसरीनने त्यांचा हात दारावरून सोडवला आणि दांडीवर ठेवला. सखूबाईंनी ती वरपासून खालपर्यंत चाचपली.

"ही पयल्यापासून हाय?"

"पहिल्यापासून."

"ह्यांना समद्यांना दिसती?"

"दिसते. पांढऱ्यावर पांढरी आहे, पण दिसते. तुम्हाला काळी कड दिसते, म्हणून तुम्ही दार धरता. दार ओढलं की पायरीला वाटतं, दार लागलं. म्हणून ती आत जाते."

सखूबाई पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. मनातल्या मनात हिशोब लावावा तशी त्यांनी मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे केली. "मंजे गाडी न्हाई म्हणत नव्हती," त्या म्हणाल्या. "सात महिने म्याच तिला आत घालीत हुते."

"अर्धं तुम्ही, अर्धं हनुमंतरावांनी."

"वाटनी बरी केली मॅडमनं," हनुमंत म्हणाला.

नसरीनने आपल्या पेटीतून काळी चिकटपट्टी काढली आणि दांडीभोवती गोल गोल गुंडाळली, वीतभर अंतर ठेवून, चार ठिकाणी. सखूबाईंनी हात पुढे केला. या खेपेला तो सरळ पट्टीवर आला. त्या चढल्या. पायरीने आवाज केला नाही. त्या दारात उभ्या राहिल्या, आत थंडगार यंत्रांचा वास, बाहेर सगळं गाव. नाही म्हणायला आता काही कारण उरलं नव्हतं, हे सगळ्यांना समजलं होतं, आणि त्यांना सगळ्यांच्या आधी.

"पोरी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तू शिकलेली हायस, खरं सांग. हाय तेवढं बी गेलं तर? आता सावली तरी कळती. चंद्री आली-गेली कळती. म्हस कळती."

नसरीनला खोटा धीर देता येत नसे. "शंभरात एखाद्याचं बिघडतं," ती म्हणाली. "कुणाचं, ते आधी कळत नाही. पण नाही केलं तर शंभरातल्या शंभरांचं जातं. दांडी गेली, तशी मग दाराची कडही जाईल."

"मंग चंद्री बी जानार."

"आत्याबाई, माजं तोंड बगायला एवढं काय त्यात," खालून चंद्राबाई म्हणाली.

"लगीन झाल्यापासून बगतीया. सवय झालीया," सखूबाई म्हणाल्या.

डॉक्टर आतून यादी घेऊन आले आणि दाराशी थांबले. हनुमंताने खाली लावून ठेवलेल्या चपला उचलल्या आणि त्या कुठे ठेवाव्यात हे न कळून हातातच धरल्या. सखूबाईंनी पट्टी गुंडाळलेल्या दांडीवरचा हात काढला नाही. जिथून सुनेचा आवाज आला होता, तिकडे त्यांनी तोंड वळवलं.

"चंद्रे, म्हशीला सांजच्याला पेंड भिजवून घाल, कोरडी घालू नगंस. आन् चार दिस माजी वाट बगू नगा. म्या उजवा डोळा करून येते."