पूर्वेच्या भिंतीवरचे ऊन

कुसगावच्या त्या घरात सकाळचे ऊन घाईने येत नसे. आधी डोंगराच्या कडेमागचे आभाळ नुसते पांढुरके होई; मग खिडकीच्या गजांवरची दवाची ओळ उजळे; मग उजेड फरशीवर उतरून चटईच्या काठाशी थबके, आणि बऱ्याच वेळाने टेबलाच्या पायाशी येई. त्याच सुमारास खिडकीच्याच भिंतीवर, म्हणजे पूर्वेच्या, जिथे सकाळचे ऊन पोचायला काही कारण नव्हते, तळहाताएवढा सोनेरी तुकडा उगवे. वाटेत कुठेही न दिसता तो जणू तिथेच जन्मे. यशोधनला तो आवडत असे. आज मात्र त्याकडे पाहताना त्याचे दात आवळलेले होते.

दुपारी त्याच्या संशोधन गटाची बैठक होती. परदेशात जमिनीखालच्या बोगद्यातल्या एका प्रचंड यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आदळत. टकरीतून निघणारे बहुतेक विलक्षण कण जागच्या जागी संपतात. यशोधन शोधत होता तो दीर्घायुषी कण, जो कुणाला न दिसता वीतभर जाईल आणि मग फुटेल. यंत्राच्या नोंदींत तशा फुटण्याच्या काही ठिणग्या त्याला सापडल्या होत्या. परंतु साधे कणही वाटेतल्या धातूवर आपटून अशाच ठिणग्या उडवतात. म्हणून यंत्रातल्या धातूचा नकाशा काढून त्यावर पडणारी प्रत्येक ठिणगी टाकून देण्याचा रिवाज होता. मध्यंतरी दुरुस्तीत यंत्रात धातूची एक नवी आधारपट्टी बसली होती. यशोधनचा नकाशा त्याआधीचा होता.

फोन वाजला. पुण्याहून इरावती, त्याच गटातली, त्याचे काम तपासणारी.

"नवा नकाशा लावलास?"

"तो कच्चा आहे."

"कच्चा? कधीच पक्का झालाय. सगळे वापरतात, तू सोडून."

"तुला माझं काम पाडायचंच आहे!"

"अरे, पाडायचं असतं तर बैठकीत चारचौघांत पाडलं असतं. चहा गार करत तुला फोन कशाला केला असता?"

"नकोत तुझे उपकार!"

त्याने फोन गादीवर भिरकावला. इरावतीचा राग, त्या पट्टीचा राग, ती बसवणाऱ्या अनोळखी हातांचा राग. सारे एकदम उसळले आणि त्याने भिंतीवर मूठ आपटली.

वडील, चिंतामणराव, वर्तमानपत्र हातात घेऊनच दारात आले. "भिंतीने काय घोडं मारलंय तुझं?"

"बाबा, मी नवा कण शोधलाय असं गावभर का सांगितलंत तुम्ही?"

"तूच म्हणालास म्हणून. मी काय बोगद्यात जाऊन बघून आलो?"

हे यशोधनला भिंतीहून जास्त लागले.

"आणि ते मागचं दार लोटत जा," वडील पुटपुटले. "मागच्या त्या हॉटेलच्या काचेवर आपटून सगळं ऊन घरात येतं." त्यांनी दार लोटले. भिंतीवरचा सोनेरी तुकडा विझला.

यशोधन त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. खरा कण कुठेही फुटतो, विखरून फुटतो. त्याला सापडलेल्या ठिणग्या पहिल्या दिवसापासून एका सरळ रेषेत होत्या.

त्याने नवा नकाशा उघडला आणि ठिणग्यांवर ठेवला.

सगळ्या आधारपट्टीवर पडल्या. त्याला काहीही सापडले नव्हते.