पुठ्ठ्यामागचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना, कळकट एक्झॉस्ट फॅन आहे. छताचे पंखे वारा देतात, म्हणून त्यांचे कौतुक होते. मी कोंदट हवा ओढून बाहेर टाकतो, मग माझ्याकडे कोण बघणार? पण एक मावशी बघायची.

एका मोठ्या व्यापारी इमारतीच्या तळघरात काका आणि मावशी, दोघे नवराबायको, लाँड्री चालवायचे. बारा महिने हवा इतकी दमट, की दोरीवरचे कपडे वाळता वाळत नसत. म्हणून तिथे कपडे वाळवायचे गॅसचे यंत्र होते. त्याची वाफ आणि धूर बाहेर काढणे हे माझे काम. मावशीने माझ्या जाळीला जुन्या साडीची चिंधी बांधली होती. सकाळी मला सुरू केले की ती आधी चिंधी बघायची. चिंधी जाळीला घट्ट चिकटली, म्हणजे हवा बाहेर जाते आहे. "लागला बाई कामाला," असे म्हणून मगच ती यंत्र लावायची. तेवढ्यावर माझा दिवस छान जायचा.

उकाड्याने मावशीचे अंग घामोळ्यांनी भरून जायचे. काकांना ते बघवत नसे. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी एसी आणला. थंड हवा माझ्या वाटेने बाहेर जाते, हे लक्षात आल्यावर त्यांनी जाळीच्या आत पुठ्ठा सरकवला.

"अहो, चिंधी लोंबतेय," मावशी म्हणाली.

"लोंबू दे. गार वाटतंय ना तुला?"

ती हसली. पुन्हा तिने चिंधीचा विषय काढला नाही.

पुढे तिचे डोके दुखू लागले. गारव्याची सवय नाही, असे दोघेही धरून चालले. पुठ्ठ्यामागे मी जीव तोडून फिरत होतो, मित्रांनो. आपल्याला बोलता येत नाही, याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

एका दुपारी काका कपडे पोहोचवून परतले. मावशी इस्त्रीच्या टेबलापाशी, घडी घातलेल्या चादरींवर डोके टेकून बसली होती. डोळा लागला असेल, म्हणून त्यांनी हळूच हाक मारली. मग जोराने मारली. ती उठलीच नाही. यंत्राच्या धुरातला विषारी वायू कोंडला होता, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याला ना रंग होता, ना वास.

काकांनी पुठ्ठा उपसून काढला. चिंधी लगेच जाळीला चिकटली.

"तुला गार वाटावं म्हणून केलं गं," एवढेच ते म्हणत राहिले.

लाँड्री आता बंद आहे. काका तरीही रोज येतात, मला सुरू करतात आणि चिंधीकडे बघत टेबलापाशी बसून राहतात. मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी चालेल. माझी वाट मात्र बुजवू नका. आणि चिंधी लोंबतेय असे घरातले कोणी म्हणाले, तर त्याचे ऐका.