थोरली आली का?

आईला जाऊन सहा दिवस झाले होते. तिच्या गाद्यांच्या दुकानात आज लोक जमले होते ते गादी घ्यायला नव्हे, तिच्या आठवणी सांगायला. खुर्च्या पुरेनात, म्हणून गाद्यांच्या थप्प्यांवरच बसले होते. म्हातारी असती तर एकेकाचा कान धरून उठवलं असतं. "विकायच्या आहेत त्या, उबवायच्या नाहीत!"

गेलेलं माणूस सगळ्यांनाच गोड लागतं म्हणा. पण ही बाई काही गोडबिड नव्हती, चांगली फटकळ होती, आणि तरी अख्खी गल्ली तिला आईच म्हणायची. समोरचा शिंपी सांगत होता, जुनी गादी उसवली की आतला कापूस कुठे दबलाय ते बघून ती घरातलं सगळं ओळखायची. त्याची गादी बघून म्हणाली होती, "दोघं दोन कडांना झोपता. आधी भांडण मिटवा, मग गादी भरू." लोक हसले. शिंपीण सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"आता ताई बोलेल," धाकटा भाऊ म्हणाला. तो आणि मधली बहीण दूरच्या शहरांत राहायचे, वर्षातून एखादी खेप व्हायची त्यांची. "आठ वर्षं हिनं आईचं सगळं अंथरुणात केलं. आम्हाला जमलं नसतं, कबूल करतो. शेवटी ताई जवळ होती, तेवढंच आईला सुख. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय, हे दुकान ताईचं."

सगळे थोरलीकडे कौतुकानं बघायला लागले. 

आईला शेवटच्या तीन वर्षांत माणसं ओळखू येत नव्हती. थोरलीला ती नर्स समजायची. नर्सशी मात्र फार छान वागायची हो, इतकं गोड ती लेकीशी जन्मात बोलली नव्हती. आणि दिवसातून शंभरदा विचारायची, "नर्सबाई, थोरली आली का?"

"मीच ना गं थोरली," असं सांगून सांगून थोरलीनं हात टेकले. मग ती नुसतं म्हणायची, "येईल हं संध्याकाळी." आईचा चेहरा उजळायचा. "तिचे हात गरम असतात बघा. ती आली की मला पांघरूण लागत नाही." हे असं आईनं तिला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. नर्स होऊन का होईना, थोरली ते पदरात पाडून घ्यायची.

मग तो दिवस उजाडला. सकाळपासून तिसऱ्यांदा चादर बदलायची वेळ आली होती, पाठीत चमक भरलेली, खाली दुकानात गिऱ्हाईक खोळंबून हाका मारत होतं. आणि आईनं विचारलं, "थोरली आली का?"

"मेली थोरली!" ती ओरडली. "मेली ती! आता विचारू नकोस मला!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. थोरलीला वाटलं, पाच मिनिटांत विसरेल. जेवलेलं विसरायची, औषध विसरायची, स्वतःचं नाव विसरायची. पण हे नाही विसरली. एवढं एकच तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तिनं त्या दिवशी ताट सरकवलं ते सरकवलंच.

"तिला खाली जमिनीवर ठेवू नका," ती म्हणाली. "पाठ दुखते तिची." आणि गादीला टाके घालतात तसा हात वरखाली करायला लागली. हातात ना दाभण, ना दोरा. मेलेल्या लेकीसाठी गादी शिवत होती.

थोरलीनं तिचे पाय धरले. "मी आहे गं आई! जिवंत आहे मी, बघ ना!"

आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नर्सबाई, तुम्ही भल्या आहात. पण लेक गेलेल्या बाईची अशी थट्टा करू नये."

नवव्या दिवशी तो हात थांबला. वय झालं होतं, डॉक्टर म्हणाले.

थोरलीनं हे सगळं दुकानात उभं राहून सांगितलं. एक शब्द गाळला नाही. "दुकानबिकान मला नको," ती म्हणाली. "सुखानं नाही गेली आई. माझ्यामुळे गेली."

शिंप्यानं मान खाली घातली. माणसं एकेक करून उठली, चपला शोधायला लागली. धाकटा पांढराफटक पडला होता. "चार लोकांत सांगायची गोष्ट होती का ही, ताई?" एवढंच म्हणाला आणि तोही बाहेर निघून गेला.

मधली तेवढी बसून राहिली. आता ही काय वाटेल ते बोलणार, बोलू दे, असं म्हणून थोरली उभी राहिली. पण मधलीनं वेगळंच विचारलं.

"ताई, माझं नाव घ्यायची का गं ती? एकदा तरी?"

एकदाही नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. थोरलीनं बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. नुकतंच तर तिनं ठरवलं होतं, आईच्या बाबतीत आता खोटं बोलायचं नाही.

"घ्यायची की," ती म्हणाली. "रोज घ्यायची."

"काय म्हणायची?"

दुसरं काही सुचेना. होतं तेवढं एकच होतं तिच्यापाशी.

"म्हणायची, मधलीचे हात गरम असतात. ती आली की मला पांघरूण लागत नाही."

मधली हुंदके देत रडायला लागली. रडता रडता तिनं थोरलीचा हात धरला. मधलीचे हात लहानपणापासून बर्फासारखे गार.