दगड रिकामा, तर चंदेरी

मित्रांनो, एका खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या कपाशेजारी मी पडून आहे. मी एक जुना लाकडी खेकडा आहे. खरा नव्हे, मासा पकडायला दोरीच्या टोकाला बांधतात ते खोटं आमिष. माझ्या पोटाखाली गळ होते, तेव्हा मला सगळे जपून उचलायचे. आता गळ नाहीत, त्यामुळे कुणीही कसंही उचलतं.

माझा जन्म अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, जुनिआटा नदीच्या काठच्या एका तळघरात झाला. मॅलन वर्ट्झ रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता. कुंपणाचा देवदारी खांब मोडला, तो जाळण्याऐवजी त्याने त्यातून मला कोरून काढलं. पत्र्याच्या डब्याचं झाकण कापून माझ्या तोंडाशी जीभ बसवली. तिच्यामुळे दोरी ओढली की मी बुडी मारतो आणि डुलत डुलत, तळाच्या दगडांना टकरा देत पुढे जातो. रंग मात्र त्याला जमेना. त्या नदीतला खेकडा झिंग्यासारखा लांबट असतो, आणि वसंतात त्याची पाठ गंजलेल्या खिळ्यासारखी तांबूस होते. तो रंग अखेर सापडला मॅलनच्या बायकोच्या, आर्लीनच्या, नखं रंगवायच्या बाटलीत.

"ही बाटली तू मला वाढदिवसाला आणलीस ना?" आर्लीन म्हणाली. "मग नखांना लावू की तुझ्या लाकडाला?"

"तुझी नखं मासे बघत नाहीत."

"तू तरी कुठे बघतोस!" असं म्हणून माझी पाठ तिनेच रंगवली. पुढे दर वसंतात, दगडांना घासून रंग उडालेल्या जागी ती एक हात फिरवायची.

पेटीत आम्ही पुष्कळ जण होतो. पोटात छर्रे भरलेला खुळखुळा, पितळी पानाची फिरकी, रबराचा किडा, आणि चंदेरी नावाची सडपातळ मासोळी. मॅलनला हवा असायचा लहान तोंडाचा बास मासा. पाठ पितळेसारखी, डोळे लाल, आणि स्वभावाने भारी चोखंदळ. त्या दिवसांत तो जे खात असेल, तसंच काहीतरी त्याच्यापुढे जावं लागतं. पाणी गढूळ असलं की खुळखुळा, कारण दिसत नसलं तरी ऐकू येतं. वसंतात मी. पानं गळून पाणी गार आणि निवळशंख झालं, खेकडे बिळात गेले, की चंदेरी.

मॅलनने लमार आणि डोरीन या आपल्या मुलांना हे शिकवलं, पण पेटीपासून सुरुवात केली नाही. "आधी दगड उलट, मग पेटी उघड," तो म्हणायचा. काठाचा दगड उलटायचा, खाली कोण राहतं ते बघायचं आणि मग निवडायचं.

"आणि खाली कुणीच नसलं तर?" डोरीन विचारायची.

"दगड रिकामा, तर चंदेरी कामा!" लमार तिच्या कानात ओरडायचा.

शेजारचा म्हातारा इर्विन माणसांची नावं विसरू लागला, तेव्हा सगळे हळहळले. मॅलन मात्र हसून म्हणाला, "त्याला अजून आमिष निवडता येतं ना? आमिष निवडता येतं तोवर डोकं ठिकाणावर!" घरात ती म्हणच होऊन बसली. पुढे ती त्याच्यावरच उलटणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

ती वर्षं माझी होती, मित्रांनो. मासा लागला की मॅलन आधी मला पुसायचा, मग माशाकडे बघायचा. नवी प्लास्टिकची आमिषं दुकानात आली, लमारने ती आणलीही, पण मेच्या पहिल्या सकाळी दोरीला मीच असायचो.

मग आर्लीन वारली. माझ्या पाठीवर पुन्हा हात फिरला नाही. मॅलन नदीवर जाईनासा झाला आणि पेटी तळघरात धूळ खात राहिली. अंधारात मी एकच मागणं मागायचो: एकदा, फक्त एकदा त्याने मला पुन्हा निवडावं. मागताना विचार करावा, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

जिन्यावरून खाली बोलणं ऐकू यायचं. मुलं आता मोठी झाली होती.

"शेगडी पेटती ठेवून ते अंगणात बसले होते, डोरीन. गेल्या हिवाळ्यात सपाता घालून बर्फात गेले. तू हॅरिसबर्गला असतेस. धावत यायचं मी."

"म्हणून काय वृद्धाश्रमात टाकायचं? हे घर त्यांनी बांधलंय, लमार."

"मला हौस आहे का?"

मग डोरीन म्हणाली, "त्यांना नदीवर नेऊ. पेटी पुढे ठेवू. आमिष बरोबर निवडलं, तर ते या घरातच राहतील. मी नोकरी सोडून इथे येईन."

"हा काय पोरखेळ?"

"म्हण त्यांचीच आहे ना? मग त्यांनाच लावून बघू."

लमार हो म्हणाला. मला वाटतं, त्यालाही मनातून वडिलांनी जिंकायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या सकाळी आम्ही नदीवर गेलो. सायकमोरच्या झाडांची पिवळी पानं पाण्यावरून वाहत होती. पाणी इतकं नितळ होतं की तळाचा दगड न् दगड दिसत होता. मॅलनने चौकटीचं जुनं जाकीट घातलं होतं. कुणी न सांगता तो पाण्याशी गेला, गुडघे धरत वाकला आणि त्याने एक दगड उलटला.

"बघितलंस? बघितलंस, लमार?" डोरीनला रडू आवरेना. "दगड उलटला त्यांनी!"

"उलटला," लमार म्हणाला. त्याचाही आवाज बदलला होता. "खाली काय आहे, बाबा?"

मॅलन निरखून बघत राहिला. खाली शेवाळाची एक तार होती, बाकी काही नाही.

डोरीनने पेटी उघडली आणि हळूच अशी फिरवली की चंदेरी थेट त्याच्या हाताखाली यावी. "बाबा, पाणी किती गार झालंय नाही? पानंसुद्धा गळाली."

"डोरीन, उत्तर सांगू नकोस."

"मी हवेबद्दल बोलतेय. हवेबद्दलपण बोलायचं नाही का?"

मॅलनचा हात पेटीवर आला. चंदेरीवर क्षणभर थांबला. पुढे सरकला आणि त्याने मला उचललं.

मित्रांनो, किती वर्षांनी तो अंगठा माझ्या पाठीवरून फिरला! मी तेवढ्याचसाठी झुरलो होतो. आणि त्याच क्षणी मला कळलं, की मी निवडला गेलो म्हणूनच हा माणूस आता घराबाहेर जाणार. मला त्याच्या हातातून निसटायचं होतं. पण लाकडाला कसलं निसटणं?

"आर्लीनला सांगा," मॅलन मुलांना म्हणाला, "पाठीचा रंग उडालाय. बाटली संपली असली तर नवी आणू."

लमारने तोंड फिरवलं. डोरीन मात्र हटून बसली. "टाका, बाबा. टाका ना!" एक मासा लागला तर लमारचं तोंड बंद होईल, हे तिला ठाऊक होतं.

मॅलनने मला टाकलं. काय ते टाकणं! हात काही विसरला नव्हता. मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यात मी अलगद उतरलो, बुडी मारली, तळाला टकरा देत निघालो. खडकाखालून एक बास बाहेर आला. पितळेची पाठ, लाल डोळे. तो माझ्या मागून येऊ लागला. मी माझ्या आयुष्यात कधी डुललो नव्हतो तसा डुललो. तो अगदी जवळ आला, माझ्या पाठीवरच्या उघड्या लाकडाकडे बघून शांतपणे मागे वळला.

काठावर हे कुणालाच दिसलं नाही. मॅलनने पुन्हा टाकलं, पुन्हा टाकलं. थर्मासमधलं मक्याचं सूप गार झालं.

"मला जिंकायचं नव्हतं गं," शेवटी लमार म्हणाला. डोरीनने पेटी मिटली.

वृद्धाश्रमात टोकदार वस्तू चालत नाहीत. पण मॅलन मूठ उघडेना. मग लमारने त्याच्या हातातच, पक्कडीने, एकेक करून माझे गळ तोडले.

इथे मॅलन दिवसभर वस्तू उलटतो. कप, बशी, सपाता. उलटतो आणि खाली बघतो. पाणी सांडतं.

"अहो वर्ट्झ आजोबा, परत? काय हरवलंय त्या कपाखाली?" इथली बाई वाईट नाही. ती पुसते, कप उचलून दूर ठेवते. तिला दगडाची गोष्ट कुणी सांगितलेली नाही. डोरीन येते तेव्हा त्याच्याजवळ बसते आणि खिडकीबाहेर बघते. लमार येतो तेव्हा उभाच असतो.

बर्फ पडत होता त्या दिवसांतली एक दुपार. बाई टॉवेल आणायला गेली होती. मॅलनने मला उचललं आणि मी होतो त्या जागेकडे निरखून बघितलं. कट्ट्यावर काही नव्हतं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "चंदेरी."

खोलीत कुणी नव्हतं. मी होतो, आणि माझी जीभ पत्र्याची आहे.

मित्रांनो, ते उत्तर ऐकायला दोन माणसं जीव टाकत होती आणि ते आलं तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस कप उलटून बघत असेल. त्याला प्रश्न विचारून त्याची परीक्षा घेऊ नका, आणि कपही काढून घेऊ नका. पाणी सांडलं तर सांडू दे. जवळ बसा आणि त्याच्याबरोबर खाली बघा. त्याने काही बोललंच पाहिजे असं नाही.

मॅलन त्यानंतर काही बोललेला नाही. तो मला रोज उचलतो, खाली बघतो आणि पुन्हा त्याच जागी ठेवतो.